सत्तेचाळीस टपल्या

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, कापसाची दुसरी वेचणी सुरू होते, आणि जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून निसटलेले पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींवर अडकून राहतात. बाभळीला कापूस लागला की समजावं, शाळांच्या सहलींचा हंगाम आला. राळेगाव तालुक्यातल्या माझ्या शाळेत सध्या तेच वारं आहे. पोरांचं पाढ्यांवर लक्ष नाही. ज्या एसटीचा अजून पत्ता नाही तिच्या खिडक्या मधल्या सुट्टीत वाटून झाल्या आहेत, त्यावरून दोन मारामाऱ्याही झाल्या. माझ्या टेबलावर पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा आहे आणि तो उडू नये म्हणून वर एक संत्रं ठेवलंय. अडतीस पत्रं आली. एक यायचं आहे, तिसरीतल्या आरोहीचं. ते का आलं नाही हे शाळेत फक्त मला ठाऊक आहे, आणि सहल परवावर आली आहे.

लोकांना आंब्यांचा मोसम आठवतो, लग्नसराई आठवते. मला हा हंगाम आला की कानामागे गरम होतं. थंडीत फुटलेले ओठ, त्यावर चोपडलेलं खोबरेल, डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास, एसटीच्या रेक्झिनच्या सीटचा वास, नाकाशी धरलेलं अर्धं लिंबू. यातलं काहीही समोर आलं की चौदा वर्षांमागची ती एक सहल उठून बसते. मी तिला पुन्हा झोपवते. निवृत्तीला सहा वर्षं उरली, आता ती झोपायला तयार नाही.

आधी माझ्याविषयी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी शिस्तीची मॅडम. आमच्या शाळांच्या केंद्रात माझा तसा लौकिक आहे आणि तो मी लोणच्यासारखा जपलाय, ओला हात लागू दिलेला नाही. गळ्यात शिटी. एक शिटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे रांग, तीन म्हणजे आता तुमची खैर नाही. पोरं मोजायची माझी एक खास रीत होती. मी बोटं नाचवत मोजत नसे. एसटीच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत जायचं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक हलकी टपली द्यायची. एक, दोन, तीन. टपली बसली की पोरगं मोजलं गेलं. पोरांनाही ते आवडायचं, काही तर टपली चुकू नये म्हणून मान उंच करून बसायची. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कौतुकानं म्हणायचे की मॅडमची टपली आणि तलाठ्याचा शिक्का, दोन्ही पक्के.

तेव्हाच्या माझ्या शाळेचं गाव याच तालुक्यात, रस्त्यापासून आत होतं. एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, मध्ये शाळा. गावची मुलं वऱ्हाडी बोलायची, तांड्यावरची घरी गोरबोली आणि शाळेत वऱ्हाडी, आणि मी दोघांनाही ‘शुद्ध बोला’ म्हणून दटावायची. कापसाच्या दिवसांत वर्ग अर्धे व्हायचे. आईबाप दिवस उगवायच्या आत वेचायला जायचे, मागे राहिलेलं धाकटं लेकरू सांभाळायला थोरली बहीण घरी. जी थोरली हुशार असायची ती त्या लेकराला काखेत मारून शाळेत यायची. वर्गात बहीण भूगोल लिहायची आणि लेकरू पायाशी खडू खायचं. या लेकरांची नावं पटावर नसत. हजेरी घेताना मी त्यांच्यावरून डोळा फिरवायची. खिचडीच्या वेळी मात्र त्यांच्याही पुढे ताटली सरकवली जायची, कोणी विचारायचं नाही. आमच्याकडे हे इतकं चालत आलेलं आहे की त्याला नाव नाही.

निकिता तशी थोरली. सातवीत होती, तांड्यावरची. वेचणीला जाऊन जाऊन बोंडांनी तिच्या बोटांची पेरं ओरखडलेली असायची आणि तरी अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घ्यायची. गुड्डी तिची बहीण, चार वर्षांची. गोल डोळ्यांची, कायम नाक वाहणारी आणि निकिताच्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसणारी.

सहल नागपूरकडच्या एका मोठ्या मनोरंजन पार्कला ठरली. पाचवी ते सातवी, सत्तेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक, प्रासंगिक करारावरची लाल एसटी. पहाटे साडेपाचला शाळेसमोर शेकोट्या पेटल्या होत्या. पोरांनी कानटोप्या घातल्या होत्या, पण त्याखाली डोक्याला लावलेलं तेल लपत नव्हतं. निकिता आली ती गुड्डीला कडेवर घेऊन.

“हे काय?” मी विचारलं.

“मॅडम, याडी-बा कापसाले गेले जी टेम्पोनं. घरी कोनी नाई.” याडी म्हणजे तिची आई. “इले नाई आनलं तं मले बी येता येनार नाई.”

मी मोठ्या सरांकडे पाहिलं, सरांनी आभाळाकडे. वर्षभर पहिला नंबर काढणारी मुलगी घरी ठेवायला माझं मन होईना, आणि न विचारता आणलेलं लेकरूही सहन होईना. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मांडीवर बसवायची. सीट मिळणार नाही. आणि हिला मी मोजणार नाही, सांगून ठेवते!”

“नोका मोजू जी,” ती हसून म्हणाली. “इले मीच पाह्यतो.”

तो दोन वाक्यांचा सौदा दोघींनीही किती सहज केला होता. मी सत्तेचाळीस टपल्या दिल्या, गुड्डीचं डोकं वगळून पुढे गेले. गाडी सुटली.

सहलीला नेलेली पोरं पाहायची असतील तर पार्कात नव्हे, वाटेत पाहावीत. वर्धा येईपर्यंत निम्म्यांनी डबे संपवले होते. तुरीच्या उकडलेल्या शेंगांची सालं माझ्या पायाशी साचली होती. हायवेवरचा प्रत्येक ट्रक मोजला जात होता. कोणीतरी ओकलं, कोणीतरी रडलं, कोणीतरी ‘आलं का नागपूर’ असं सत्तर वेळा विचारलं. गुड्डी निकिताच्या मांडीवर उभी राहून काचेवर तोंडाची वाफ सोडत होती आणि त्या वाफेवर बोटानं रेघा ओढत होती. मी एकदा तिच्याकडे पाहून हसलेही असेन. मला चांगलं वागलेलं काही आठवायचं असतं तेव्हा मी ते हसणं शोधते, पण खात्रीनं सांगता येत नाही.

पार्कचं दार म्हणजे एका विदूषकाचं उघडं तोंड होतं. आत शिरायला पाचवीतली दोन पोरं तयारच होईनात. आतमध्ये भोंग्यावर हिंदी गाणी, कोलंबसची झुलती होडी, टोराटोरा, आकाशपाळणा, प्लॅस्टिकच्या झाडाखाली प्लॅस्टिकचा वाघ. आमच्या पोरांनी पांढरकवड्याच्या बाजूला खऱ्या वाघाच्या गोष्टी ऐकलेल्या, त्यांनी या वाघाची शेपटी ओढून पाहिली. जोड्या केल्या होत्या, जोडीदाराचा हात सोडायचा नाही असं बजावलं होतं. निकिताचा जोडीदार कोणी नव्हताच खरा तर. तिच्या एका हातात गुड्डी होती आणि दुसऱ्या हातात डबा.

मग आरशांचं घर आलं. बाहेर पांढऱ्या फरशीचा चकचकीत ओटा होता. मी तिकिटाच्या खिडकीशी बोलत होते, वळून पाहते तर सगळ्या पोरांनी चपला काढलेल्या. शाळेत मीच शिकवलेलं, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर चपला, टाचा भिंतीकडे, सरळ ओळीत. सत्तेचाळीस जोड आणि एक छोटासा निळा, पट्ट्यावर फूल असलेला. इतकी देखणी ओळ शाळेतही कधी लागली नव्हती. तिथला माणूस हसून म्हणाला, “अरे, मंदिर है क्या?” रांगेतल्या शहरी बायका खुदकन हसल्या, एकीनं मोबाइलवर फोटो घेतला.

मला माझ्या मुलांची लाज वाटली. नीट सांगायचं तर मला माझी लाज वाटली, शहरी बायकांसमोर मी खेड्यातली ठरले याची. मी तीन शिट्या मारल्या आणि ओरडले, “गावंढळ कुठले! घाला आधी!” पोरं बिचकली. ज्याला जी सापडली ती चप्पल पायात कोंबून आत पळाली. आत आरशांत एकेकाचे दहा दहा झाले, हसण्याचा नुसता गदारोळ. मी मात्र बाहेरच उभी राहून मान ताठ ठेवण्याचा प्रयत्न करत होते.

त्या ओळीतली गुड्डीची एक निळी चप्पल त्या पळापळीत ओट्याखाली गेली. एवढंच झालं.

चार वाजता निघायचं होतं. ड्रायव्हर हॉर्न देत होता, त्याला गाडी वेळेत डेपोत लावायची होती. मी एसटीच्या दाराशी संत्री वाटत होते आणि तेवढ्यात पाचवीतला एकजण माझ्या साडीवर ओकला. मी खाली वाकून बाटलीतल्या पाण्यानं निऱ्या धूत होते. बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. मला तिचे फक्त पाय दिसले, धुळीनं भरलेले.

“मॅडम, गुड्डीची एक चप्पल आरशाच्या घरापाशी राह्यली. आनू का?”

“जा. पळत ये,” मी म्हणाले. मान वर केली नाही.

तीन शब्द. ते माझ्याच तोंडचे आहेत याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पुढे मी लोकांना काहीही सांगितलं असेल, स्वतःला मात्र कधी ‘आठवत नाही’ असं सांगू शकले नाही.

निऱ्या झटकून मी गाडीत चढले. ओल्या साडीनं थंडी वाजत होती, डोकं ठणकत होतं. एक, दोन, तीन. पोरं दमून एकमेकांवर रेलली होती. तिसऱ्या बाकावर मरून रंगाच्या स्वेटराखाली एक डोकं झोपलं होतं, त्यालाही टपली दिली. ते झोपेत कुरकुरलं. पंचेचाळीस, शेचाळीस, सत्तेचाळीस. “सत्तेचाळीस!” मी जोरात म्हणाले, मोठ्या सरांनी वहीत खूण केली, कंडक्टरनं घंटी दिली. ज्या लेकराला मोजणार नाही म्हणून सकाळी सगळ्यांदेखत बजावलं होतं, त्यालाच मोजून मी गाडी सोडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं काखेतलं लेकरू गाडीत होतं आणि काख मागे राहिली होती.

अर्ध्या तासानं गुड्डी जागी झाली. आधी तिनं नुसतं इकडेतिकडे पाहिलं. मग ‘ताई’ म्हणाली. मग किंचाळली. तिच्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, निकिता तुमच्यापाशी समोर नाई काय? मले वाटलं तुमी बलावली.”

मागच्या बाकांवर सुरू झालेली अंताक्षरी थांबली. मी पुन्हा मोजायला लागले आणि गुड्डीपाशी हात थांबला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. मान वळवून तो म्हणाला, “मोजलं व्हतं ना तुमी, मॅडम?” टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की मोजल्यावर माणूस कमी कसं होतं.

परतीचा तो अर्धा तास मी कोणाला सांगितलेला नाही. मनात येऊ नये ते सगळं आलं. हायवे, ट्रक, अनोळखी माणसं. आणि लाज ही की या सगळ्याच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट मनात येत होती. माझा यवतमाळला बदलीचा अर्ज गेलेला होता. नवरा आणि मुलगा तिकडे, मी रोज दोन एसट्या बदलून जाणं-येणं करत होते. पोर हरवली असा शेरा बसला असता तर ती बदली गेली असती. तेरा वर्षांची मुलगी रस्त्यावर एकटी होती आणि मी अर्जाचा विचार करत होते. पूर्ण वेळ नाही, पण करत होते.

निकिता विदूषकाच्या तोंडापाशी बसली होती. तिथल्या झाडूवाल्या बाईनं तिला आपल्या स्टुलावर बसवलं होतं, खांद्यावर आपली शाल टाकली होती. ती रडत नव्हती. हातात ती निळी चप्पल, मांडीवर घट्ट धरलेली. आम्हाला पाहून उठली, हसलीसुद्धा. मी धावत गेले आणि धावता धावताच माझा हात उठला. भर गालावर. टपली नव्हे ती.

“न विचारता जातेस? न विचारता?”

तिनं गालावर हात ठेवला. “मॅडम, मी विचारलं व्हतं ना जी तुमाले.”

मागे मोठे सर होते, तिसरे सर होते, कंडक्टर होता, एसटीच्या खिडक्यांत गुड्डीसकट सत्तेचाळीस तोंडं होती. “मला? कधी?” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी एखादं उत्तर चुकीचं म्हटलं की ती अशीच पाहायची, आधी विचार करायची की मॅडम चुकल्या की मी. मग तिनं मान खाली घातली.

“नाई,” ती म्हणाली. “नाई विचारलं.”

माझी अब्रू एका सातवीतल्या मुलीनं झाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ तिची होती आणि लाख माझे. गाडीत बसल्यावर तिनं गुड्डीच्या पायात चप्पल घातली. दुसरीही काढून पुन्हा नीट घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेत माफीनामा लिहून घेतला. कागदोपत्री असलेलं बरं, असं मोठे सर म्हणाले आणि मी मान डोलावली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. ‘मी शिक्षकांना न विचारता गेले. अशी चूक पुन्हा करणार नाही.’ त्या सुंदर अक्षरात. एका ठिकाणी तिची वेलांटी चुकली होती, ती मी लाल पेनानं दुरुस्त केली. कसली नीट माणसं असतो आपण! खोट्या कागदातली वेलांटीही आम्हाला चुकीची चालत नाही.

त्या हिवाळ्याचे उरलेले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मैदानात बोरं विकायला बसणारी म्हातारी. हरभऱ्याचे हिरवे डहाळे खिशात कोंबून वर्गात येणारी पोरं. कापूस संपला, पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, शेतं उघडी पडली. फळ्यावरचा सुविचार निकिताच लिहायची. गुड्डी पायाशी बसायची. काही बदललं नाही असंच वाटत होतं. फक्त मी टपली देणं सोडलं होतं आणि निकितानं प्रश्न विचारणं.

गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी यवतमाळच्या मुलींच्या होस्टेलात तिचा नंबर लागणार हे ठरलेलं होतं, फॉर्म मीच आणला होता. एप्रिलमध्ये मोठे सर आणि मी सहीसाठी तांड्यावर गेलो. तिचे वडील प्रल्हादभाऊ बाजेवरून उठले, आम्हाला बसवलं, कपबशीत चहा आला. दाराआड निकिता उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर पडली होती.

“मॅडम, पोरगी हुशार हाये, हे मले बी समजते,” ते म्हणाले. “पन भेव वाटते. सहलीत, इतक्या सरा-मॅडमच्या देखत हारपली. न विचारता गेली म्हनते. मंग होस्टेलात कोन पाहीन तिले? तिचं मन असं कुठीबी उठून जाचं असन तं?” मग ते सरळ माझ्याकडे वळले. “तुमीच सांगा. पाठवू का नोको? तुमी म्हनान तसं.”

एका वाक्याचं काम होतं. ‘भाऊ, तिनं मला विचारलं होतं, मीच जा म्हणाले होते.’ एवढं बोलले असते तर सही झाली असती. मोठे सर शेजारी होते. बदलीची यादी आठवड्याभरात लागायची होती. मी कपातल्या चहाकडे पाहिलं, त्यावर साय धरली होती.

“यंदा राहू द्या,” मी म्हणाले. “लहान आहे अजून. पुढच्या वर्षी पाहू.”

उंबऱ्यावरची सावली हलली आणि आत गेली. जूनमध्ये मी यवतमाळला हजर झाले. पुढचं वर्ष कोणी पाहिलं नाही.

मी वाईट शिक्षिका आहे असं मला कधी वाटलं नाही, अडचण ती आहे. यवतमाळच्या शाळेत मला मान मिळाला. मोजण्याची रीत मी बदलली. आता नाव घेते, पोरगं ‘हजर’ म्हणालं की त्याच्या तोंडाकडे पाहते, मगच पुढचं नाव. पटावर नसलेलं लेकरू सोबत असेल तर त्याचं नाव सगळ्यात वर लिहिते. शिक्षकांच्या बैठकीत मी ही पद्धत समजावून सांगते आणि लोक टिपून घेतात. कुठून शिकलात असं एकदा कोणीतरी विचारलं, तर मी अनुभव म्हणाले. खाई त्याला खवखवे, ते मला आत खवखवतच होतं. पण सवयीनं माणूस खवखवीसकट जेवतो, झोपतो, सत्कारही घेतो.

ऑनलाइन बदल्यांनी या जूनमध्ये मला पुन्हा राळेगाव तालुक्यात आणून टाकलं. दुसरं गाव, दुसरी शाळा, शेजारी तसाच एक तांडा. तिसरीच्या वर्गात आरोही नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे. प्रश्न फार विचारते. पृथ्वी गोल आहे तर आपल्या विहिरीतलं पाणी सांडत का नाही, असे. मला ती आवडली होती. ती कोणाची, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

सोमवारी ती आईला घेऊन आली. संमतीपत्रावर सही करायला. बाकीचे पालक कुठे सही करायची एवढंच विचारतात, या बाईनं कागद उभ्यानं पूर्ण वाचला. ‘सहलीदरम्यान काही अघटित घडल्यास शाळा व शिक्षक जबाबदार राहणार नाहीत’ या ओळीवर तिचं बोट थांबलं. बोटाची पेरं कापसानं ओरखडलेली होती. मी बोटाकडून चेहऱ्याकडे पाहिलं.

“वळखलं काय मॅडम?” निकिता म्हणाली.

मला बसायला सांगायचंही सुचलं नाही. तीच खुर्ची ओढून बसली. गुड्डीचं विचारलं, तर गुड्डी नर्सिंगला आहे वर्ध्याला, होस्टेलात राहून शिकते. “तिले मी पाठोलं, भांडून,” निकिता म्हणाली. मग हसून, “अजून टपल्या मारून मोजता काय जी?”

“नाही,” मी म्हणाले. “निकिता, तू मला विचारलं होतंस.”

तिनं कागद टेबलावर ठेवला.

“मी जा म्हणाले होते. पळत ये म्हणाले होते.”

“हो जी.”

“तुझ्या वडिलांना मी सांगायला हवं होतं. मी येते तांड्यावर, त्यांना सांगते.”

“बा तं गेला मॅडम. दोन सालं झाले.” तिचा आवाज चढला नाही. “मरेपर्यंत मले एकटी बजारात जाऊ देल्ली नाई त्यानं. रागानं नाई. भेवानं.”

वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. मी माफी मागितली. मागताना मला जाणवलं की हे शब्द मी चौदा वर्षं मनात घोळवले होते, पाठांतरासारखे, आणि म्हणूनच ते पाठांतरासारखे बाहेर आले. तिनं ऐकून घेतले. मग म्हणाली, “माह्यापाशी कायले मांगता? मले तं माहीत व्हतं. सासू अजून म्हनते, बजारात नीट पाहून राहा, नाई तं सहलीवानी हारपशीन. माही पोरगी आयकून हासते. तिले सांगा.”

दाराशी आरोही उभी होती, एका पायावर, दुसऱ्या पायानं भिंत खरवडत. मी तिला आत बोलावलं. एवढ्या वर्षांत मी अधिकाऱ्यांसमोर बोलले, ग्रामसभेत बोलले, पण आठ वर्षांच्या मुलीसमोर मी आधी संमतीपत्रांचा गठ्ठा उगाच सरळ केला. मी सांगितलं. तुझी आई हरवली नव्हती. तिनं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. मी मोजताना चुकले, तिला मागे ठेवून आले. आणि सगळ्यांसमोर तिला मारलं, न विचारता गेली म्हणून. ते खोटं होतं.

आरोहीनं आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, थेट तिच्या आईसारखं, आधी विचार करून.

“मंग तुमाले कोनं मारलं, मॅडम?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले.

निकितानं संमतीपत्राची घडी केली, “पाह्यतो जी” म्हणाली आणि निघाली. पोरगी मात्र हलली नाही. माझं उत्तर अजून पुरं व्हायचंय असं वाटून ती टेबलापाशी तशीच उभी राहिली.